पेटीत काय जगेल

भावजी गेले त्या उन्हाळ्यात आमच्या पुढच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत त्यांचे मासे होते. तेराव्यापर्यंत एकही उरला नाही. ते उपासमारीनं मेले नाहीत, खाऊन मेले. आमच्याकडे बसायला येणाऱ्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही, आणि गप्प बसणंही जमत नाही. मग तो उठतो, पेटीपाशी जातो, "बिचारे, ह्यास्नी कोण बघायचं आता," म्हणतो आणि चिमूटभर काहीतरी पाण्यात सोडतो. कुणी बिस्किटाचा चुरा टाकला, कुणी चुरमुरे. एका लांबच्या मावशीनं तर भाकरीचा पापुद्रा टाकला. पाणी आधी पांढरं झालं, मग वास मारू लागलं. मी दहाव्याच्या स्वयंपाकात होते. माझं लक्ष गेलं तोवर मासे वर तरंगत होते.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. येडशीकडच्या आमच्या रानात विहिरीच्या मोटरचा फुटबॉल, म्हणजे पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाची झडप, गाळानं बसला म्हणून ते खाली उतरले आणि दगडी पायरीवरून सटकले. पोहता येत होतं, पण डोकं आधी दगडावर आदळलं. एवढंच. यापेक्षा जास्त आम्हाला कुणालाच ठाऊक नाही, कारण वर कुणी नव्हतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. मासे गेल्यावर आत्यांनी पेटी स्वतः घासून पुसून पुन्हा जागेवर ठेवली, रिकामी. दिवेलागणीला देवापुढे दिवा लावून झाला की त्या पुढच्या खोलीत यायच्या आणि पेटीच्या झाकणातली ट्यूब लावायच्या. हवा सोडणारी छोटी मोटरसुद्धा लावायच्या. पाण्यात बुडबुडे काढणारी ती नळी कोरड्या काचेत फुसफुस करत राहायची. निळसर उजेड समोरच्या भिंतीवर पडायचा आणि त्यात काहीही हलत नसायचं. काही दिवसांत शेजारपाजारचे लोक चहाला आले तरी पडवीतच बसू लागले.

"आत्या, मोटर कशाला? पाणी न्हाई त्यात," मी एकदा म्हणाले.

"त्याला आवाज लागतो," त्या म्हणाल्या. "वरीस हुईपतोर त्यो येतो. हितंच येतो, दुसरीकडं कुठं जाईल? येतो, पेटी बघतो, रिकामी दिसली की माघारी जातो."

आणि त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. उपवास म्हणून नाही, नवस म्हणून नाही. ताट वाढलं की म्हणायच्या, "त्याच्या पेटीत कोण न्हाय, आन म्या जेवू व्हय?" आधीच काटकुळ्या, त्यात पावसाळा संपेपर्यंत बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या. डॉक्टरांनी टॉनिक दिलं. ते त्यांनी तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. माझा नवरा एसटीच्या वर्कशॉपला आहे, मोठमोठी इंजिनं उघडतो, पण आईपुढे त्याचं काही चालत नाही. तो मला म्हणाला, "तूच बघ कायतरी. घाल त्यात एखादं जितं."

मी ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. बरणीतला साप, बेडकाचा सांगाडा, रंग उडालेला विंचू हे सगळं माझ्या ताब्यात आहे. मेलेलं काचेत टिकवणं मला येतं. जिवंत टिकवायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि हे जिवंत मरून चालणार नव्हतं. आत्यांनी ते स्वच्छ सांगितलं होतं. "आता ह्यातबी मेलं तर मला काय सांगू नका. म्या बी जाते." रडून नाही, भाजी निवडता निवडता म्हणाल्या होत्या.

मासे पुन्हा आणायला त्या तयार नव्हत्या. "मासं नको. डोळं उघडं ठिवून मरत्यात." मलाही नको होते. आमच्या नळाला पाणी येतं ते बऱ्याच दिवसांनी, आणि मे महिन्यात टाकीतलं पाणी चहाला तापवावं लागत नाही.

मग मी विचारत सुटले. बाजारात पिंजऱ्यातले पक्षी विकणारा एकजण हळू आवाजात म्हणाला, "ताई, चांदणीवालं कासव देतो, लहानगं. शंभर वर्षं मरत न्हाय." त्याला म्हटलं, कायद्यानं बंदी आहे, पोलिसात देईन. कायदा नसता तरी नेलं नसतं. रानात मैलभर हिंडणारा जीव दीड हात काचेत किती जगणार, ते मी बरण्यांकडे पाहून सांगू शकते. बेडूक नको, त्याला रोज जिवंत किडा लागतो, तो कोण पकडणार. पावसाळ्यात भिंतीवर चढतो, हात लावला की पैशासारखं वेटोळं करतो, तो वाणी ठेवावा असं आमच्या शिपायानं सुचवलं. पण पाऊस ओसरला की वाणी कुठे जातात ते त्यांनाच माहीत. आत्या म्हणाल्या, "मिरगाचा किडा ठिव. लहानपणी त्यो काडीपेटीत ठिवायचा." मी विचारलं, "मग किती दिवस जगायचा?" त्यावर त्या उठूनच गेल्या.

झाडाचंही सोपं नव्हतं. मोबाईलवर एक बाई काचेत जंगल कसं करायचं ते दाखवायची. तिच्या घरात पंखासुद्धा बंद होता. आमच्याकडे पंखा बंद केला तर माणूस जगत नाही. तुळजापूर रस्त्यावरच्या नर्सरीतून मी एक लहान निवडुंग आणला आणि कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडमना दाखवला. त्या हसल्या. "झाकणाच्या पेटीत हा कुजून जाईल. ह्याला ऊन आणि कोरडं लागतं. तुम्हाला सावलीतलं हवं, ओलीतलं, आणि सावकाश वाढणारं. एकाच झाडात तिन्ही." मनीप्लँट सावलीत जगतो, पण महिन्यात पेटी भरून झाकण उचलेल. तुळस कुणी सुचवलीच नाही. तुळस वाळली तर आमच्या घराबद्दल काय काय बोललं जाईल, हे सगळ्यांना कळत होतं.

तोवर नवरात्र आलं. घरात मयत झालेलं, म्हणून त्या वर्षी आमच्यात घट बसणार नव्हता. आत्यांच्या हाताला त्या दिवसांत काम नाही असं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. घटस्थापनेच्या दिवशी मी कॉलेजातून आले तर पेटीत काळी माती. रानातून मुद्दाम आणवलेली, चाळलेली, आणि तिच्यात गहू, ज्वारी, करडई पेरलेली. घटाला करतात तशी.

"आत्या, ह्या वर्षी न्हाई ना बसवायचा?"

"घट न्हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "पेटी हाय."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं नवरा नंतर म्हणाला. पण त्यांनी त्या दिवशी झाकण लावून, ट्यूब लावून, आपणहून अर्धी भाकरी खाल्ली होती. मी कशाला बोलू?

धान उगवलं. पिवळं, बारीक, भराभर वर चढलं आणि झाकणाला टेकून वाकलं. घटाचं धान मोठं होण्यासाठी नसतंच. दसऱ्याला ते उपटायचं, टोपीत खोवायचं, एकमेकांना द्यायचं. त्याला नऊ दिवसांचंच आयुष्य दिलेलं असतं, आणि आम्हाला वाढवायची माहिती आहे ती तेवढीच. त्यापुढे त्याचं काय होतं ते मी त्या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. काळ्या मातीनं पाणी धरून ठेवलं, सोडलंच नाही. बुडाशी आंबूस चिखल झाला, वर पांढरी बुरशी आली, आणि सगळं धान एका बाजूला निजलं. आत्या सकाळी पेटीपुढे बसून होत्या. मला पाहून फक्त म्हणाल्या, "ह्यातबी." त्या रात्री ताट तसंच परत आलं. दुसऱ्या रात्रीही.

मी पेटी धुतली. बुडाशी बारीक खडी, तिच्यावर लाकडी कोळशाचा थर, म्हणजे पाणी आंबत नाही. त्यावर विटांचा चुरा, वाळू आणि कुजलेला पाला. हे सगळं करताना मला एक गोष्ट माहीत होती आणि मी ती कुणालाच सांगत नव्हते. सावलीतलं, ओलीतलं, सावकाश वाढणारं असं झाड आमच्या उन्हाळी मुलखात फार ठिकाणी नाही. रामलिंगाकडच्या झऱ्यापाशी आहे, पण ते अभयारण्य, तिथलं पान तोडायचं नाही. दुसरीकडे आहे ते बांधीव विहिरींच्या आतल्या भिंतीला. हंसराज. काळ्या तारेसारखे देठ, त्यावर कोथिंबिरीसारखी नाजूक पानं. आमच्या विहिरीत पाण्याच्या वर हातभर अंतरावर त्याची दाट झालर आहे.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो पाना पुसत होता. पुसतच राहिला.

"दुसऱ्या कुणाच्या विहिरीतलं आण की."

"दुसऱ्याच्या विहिरीत मी उतरू? का उतरायचं ते काय सांगू?"

"आन आपल्या विहिरीत उतरणार व्हय तू?"

"मग कोण, तुम्ही?"

त्यानं पाना ठेवला आणि दोर शोधायला गेला. भावजी गेल्यावर आम्ही बोअर घेतला, तेव्हापासून त्या विहिरीकडे कुणी गेलं नव्हतं. वाटेवर गवत कमरेइतकं झालं होतं. नवऱ्यानं दोराचं एक टोक लिंबाला बांधलं, दुसरं माझ्या कमरेला, आणि विहिरीकडे पाठ करून उभा राहिला. "बोलत ऱ्हा," म्हणाला. "मी हाय का म्हणलं की हाय म्हणायचं. गप बसायचं न्हाय."

पायऱ्या म्हणजे भिंतीतून बाहेर आलेले लांबट दगड. मी साडी न नेसता ड्रेस घालून गेले होते, चप्पल वर काढली होती. उतरताना कोणती पायरी, असा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. पाचवी-सहावी पायरी ओलांडली की उन्हाचा आवाज बंद होतो. दुसरा शब्द मला सापडत नाही. वरची पाखरं, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, सगळं एकदम झाकल्यासारखं होतं, आणि थंडी खालून पायाला लागते.

"हाय का?"

"हाय."

"हाय का?"

"हाय."

मी खुरप्यानं दगडांच्या सांधीतून हंसराजाचा गड्डा मुळांसकट सोडवत होते. खाली पाणी काळं आणि सपाट होतं. मी त्यात पाहिलं नाही असं म्हणणार नाही. पाहिलं. माझंच तोंड होतं.

"हाय का?"

"हाय."

"दोन-दोनदा कशाला वरडतीस?" वरून नवऱ्याचा आवाज आला, चिडलेला. "एकदा म्हण की."

मी एकदाच म्हटलं होतं. बांधीव विहिरीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो, हे मी मुलांना प्रयोगवहीत लिहायला सांगितलेलं आहे. तरी त्यानंतर त्याच्या हाकेला मी नुसता दोर ओढून उत्तर दिलं. त्यावर तो घाबरून एवढा ओरडला की वर येऊन मला त्याला पाणी पाजावं लागलं.

झाड कुठलं ते आत्यांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. रामलिंगाकडच्या ओळखीच्या कुणाच्या तरी घरचं म्हणायचं. मी पेटीत हंसराज लावला, शेजारी त्याच दगडांवरचं शेवाळ बसवलं, पाणी शिंपडून झाकण लावलं. आत्या मागे येऊन उभ्या होत्या. त्यांनी झाकण सरकवलं, आत हात घातला, एक पान दोन बोटांत धरलं आणि बोटं नाकाशी नेली.

"विहिरीतलं हाय."

माझ्या तोंडून खोटं निघेना. त्या विहिरीचं पाणी त्यांनी जन्मभर शेंदलेलं.

"व्हय," मी म्हणाले. "काढू का?"

त्यांनी पान सोडलं. "त्याला शेवटाला ह्येच दिसलं आसंल," म्हणाल्या. मग झाकण स्वतः लावलं. "ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीची काच आतून वाफेनं पांढरी झाली होती. बंद पेटीत ओल असली की होणारच. आत्यांनी मात्र पदर तोंडाला लावला. "श्वास," त्या म्हणाल्या. त्या रात्री त्यांनी आपलं ताट पेटीशेजारी मागवलं आणि पूर्ण भाकरी खाल्ली, वर आमटी मागितली. पुढे रोज तसंच. आम्ही स्वयंपाकघरात जेवायचो, त्या पुढच्या खोलीत, ट्यूबच्या उजेडात, पेटीला टेकून. मधूनच काहीतरी बोलायच्या. काय ते आम्ही ऐकायला गेलो नाही. त्या जेवत होत्या, एवढं मला पुरेसं होतं.

एके दिवशी वाफेवर एक वाकडी रेघ दिसली, कुणी आतून बोट फिरवावं तशी. आत्यांनी मला हात धरून नेलं. मी टॉर्च लावला. शेवाळाबरोबर ज्वारीच्या दाण्याएवढी गोगलगाय आली होती, ती काचेवरून चालली होती. मी ती दाखवली.

"बगा. हिनं केलीय रेघ."

"ती दिसली म्हणा मला," आत्या म्हणाल्या. "पर तिला फिरवली कुणी?"

मी मॅडमना विचारलं. गोगलगाय राहू द्या, एवढी बारीक आहे तर कुजलेलंच खाईल, असं त्या म्हणाल्या. नवरा म्हणाला, "रानात सोयाबीन खाल्लं म्हणून हिच्या भाऊबंदांना औषध टाकून मारतो आपण, आन हितं पाळायची." पण त्याच्या आवाजात हसू नव्हतं. तोही आता पुढच्या खोलीतून जाताना पेटीच्या बाजूला बघत नसे.

संक्रांत झाली आणि हंसराजाच्या पानांच्या कडा काळ्या पडू लागल्या. आधी खालची पानं, मग मधली. मॅडमनी फोटो बघितला आणि विचारलं, "झाकण कधी उघडता?"

उघडत नव्हतो. आत्या उघडू देत नव्हत्या. मी एकदा हात लावला तर त्यांनी मनगट धरलं होतं. "वाफ जाईल."

मॅडम म्हणाल्या, "दिवसभर काच पांढरी राहते म्हणजे आत पाणी जास्त झालंय. रोज थोडा वेळ हवा लागू द्या. नाहीतर पंधरवड्यात सगळं सडेल."

म्हणजे माझ्यापुढे दोन वाटा होत्या. झाकण बंद ठेवलं तर झाड मरणार आणि आत्यांचं ताट परत येणार. उघडलं तर वाफ जाणार आणि त्या दिवसापासूनच ताट परत येणार. वर्षश्राद्धाला अजून दोन-अडीच महिने होते. आत्या घरी नसताना उघडावं म्हटलं, तर त्या घर सोडून कुठे जातच नव्हत्या. चोरून करायचा मला कंटाळाही आला होता. या घरात आधीच सगळे हळू आवाजात बोलत होते.

रविवारी सकाळी मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं. "आत्या, हे मरायला लागलंय. खालची पानं बगा."

त्यांनी बघितली होती. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की माझ्याआधीच बघितली होती.

"पाणी कमी पडलं का?"

"न्हाई. जास्त झालंय. झाकण उघडलं न्हाई म्हणून. कोंडलंय ते आत."

"कोंडलंय," त्या म्हणाल्या.

"व्हय."

पेटीच्या काचेवरून पाण्याचे थेंब ओघळत होते. आत्यांनी पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आजारी वासराबद्दल विचारावं तशा आवाजात विचारलं, "मंग त्योबी कोंडला आसंल का गं? म्या रोज झाकण लावतीया."

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण मानत नाही असं सांगायची ती वेळ नव्हती, आणि मानते असं म्हणायला जीभ वळली नाही. मी म्हणाले, "झाडाचं मला कळतं. झाड कोंडलंय."

त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. ट्यूबची वायर बाजूला केली. झाकण दोन्ही हातांनी धरून आधी थोडं सरकवलं, थांबल्या, मग पूर्ण काढलं आणि माझ्या हातात दिलं. आतला वास खोलीत आला, ओल्या दगडाचा, थंड. मला तो ओळखीचा होता. मी झाकण खाली ठेवलं.

काच वरून निवळायला लागली. अगदी सावकाश, कडेनं, मग मधून. आत्या तोंडातल्या तोंडात काही म्हणत होत्या. मला ऐकू आला तो एकच शब्द, "जा." तो शब्द त्यांनी दोनदा म्हटला, दुसऱ्यांदा जरा रागानं, घुटमळणाऱ्या पोराला म्हणावं तसं. काच स्वच्छ झाली तेव्हा आत एक अर्धं काळं झालेलं झाड होतं, शेवाळ होतं, आणि कोपऱ्यात आपलं घर अंगावर ओढून बसलेली ती बारकी गोगलगाय. त्याखेरीज काही नव्हतं. आत्यांनी सगळ्या कोपऱ्यांत बघितलं. मग पदरानं काच पुसली आणि परसात निघून गेल्या.

दिवसभर त्या परसातच होत्या. मी सडलेली पानं कात्रीनं काढली. काळे देठ बुडाशी हिरवे होते, म्हणजे मुळं जिवंत होती. दिवेलागणीला त्या पुढच्या खोलीत आल्या नाहीत. ट्यूब कुणीच लावली नाही. मी भाकऱ्या थापल्या, ताटं घेतली आणि त्यांचं ताट नेहमीसारखं पेटीशेजारी ठेवायला निघाले. काय होणार ते मला माहीत आहे असं वाटत होतं, म्हणून आमटी कमीच वाढली होती.

"कुठं चाललीस?" आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"तुमचं ताट."

"हितं ठिव," त्या म्हणाल्या आणि माझ्या नवऱ्याच्या शेजारी पाट ओढून बसल्या. "आन आमटी काय शेजाऱ्याच्या कुत्र्याला वाढलीस व्हय एवढुशी?"

नवऱ्यानं मान वर केली नाही. त्याचा घास हातातच राहिला होता.

मी आमटी वाढली. मग आठवलं की पेटी सकाळपासून उघडी आहे. पुढच्या खोलीत अंधार झाला होता. मी चाचपडत झाकण उचललं आणि बसवलं. एवढंच करून परत यायचं होतं. पण रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड काचेवर पडत होता, काच अगदी कोरडी, स्वच्छ दिसत होती, आणि मला तिथून हलता येईना. वाफ धरायला वेळ लागतो, ओल थोडी वर यावी लागते, हे मला समजतं. तरी मी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिले, काच पुन्हा पांढरी होते की नाही ते बघत.

"आगं ये की," आतून आत्या ओरडल्या. "भाकरी गार झाली."

"आले," मी म्हणाले. पण खालच्या कोपऱ्यात पहिला धुरकट डाग धरेपर्यंत मी गेले नाही.